जुनी टर्बो हॅचबॅक घेताय? कागदांपासून पहिल्या सर्व्हिसपर्यंत सगळं क्रमाने

पाच ते आठ लाखांत जोरदार पिकअपची, म्हणजे टर्बो इंजिनाची (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं) गाडी हवी असेल, तर सेकंड हँड बाजारातच उतरावं लागतं. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, फियाट अबार्थ पुंतो, मारुती बलेनो आरएस, टाटा टियागो जेटीपी या सगळ्या बंद झालेल्या गाड्या. त्यांतल्या दोघी तर पुण्याजवळच्याच: पोलो चाकणला बनायची, पुंतो रांजणगावला.

साधी वॅगनआर बघायला जाताना जेवढी तपासणी पुरते, तेवढी इथे पुरत नाही. या गाड्या ज्यांनी घेतल्या त्यांनी त्या पळवायलाच घेतल्या, आणि कित्येकांनी त्यांच्यात फेरफारही केले. म्हणून एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. मॉडेल कोणतं यापेक्षा ती गाडी कुणी कशी सांभाळली हे जास्त महत्त्वाचं, आणि ते कागदावर आणि लोखंडावर दोन्हीकडे दिसतं. कुठे बघायचं एवढं कळलं पाहिजे.

१. रोजचा रस्ता आधी, गाडी नंतर

रोज हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकणार असाल, तर कोरड्या क्लचचा (क्लच ऑइलात न बुडणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊ नका. आठवड्याला एकदा ताम्हिणी किंवा वरंध घाट आणि बाकी हायवे असेल, तर सरळ मॅन्युअल घ्या. गावाकडचा रस्ता खराब असेल, तर कडक सस्पेन्शन आणि पातळ साइडवॉलचे टायर असलेली गाडी महिन्याभरात नकोशी होते. घरच्यांना मागच्या सीटवर बसवून एकदा फिरवा. तिथे जो निर्णय होतो तोच टिकतो.

२. कोणत्या गाडीत काय बघायचं

पोलोचे तीन वेगळे अवतार आहेत आणि बाजारात ते सर्रास एकाच नावाने विकले जातात. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, १०५ पीएस (ताकद) आणि १७५ एनएम (ओढ, म्हणजे टॉर्क), सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हाच तो कोरड्या क्लचचा डीक्यू२००. २०२० पासून १.० लिटर तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ११० पीएसचं, आणि जीटीमध्ये डीएसजी जाऊन सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी द्रवावर चालणारा ऑटोमॅटिक) आला. तो बराच खात्रीचा आहे. तिसरा अवतार अनेकांच्या लक्षात येत नाही. तेच ११० पीएसचं इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत जीटीचा बॅज नसलेल्या हायलाइन प्लसमध्येही मिळायचं. पहिल्यांदाच टर्बो पेट्रोल घेणाऱ्याने माझ्या मते हीच शोधावी. बॅज नसल्यामुळे पोरांची नजर तिच्यावर कमी पडलेली असते, त्यामुळे बिनछेडछाडीची सापडण्याची शक्यता जास्त. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक दोन्ही मिळतात.

अबार्थ पुंतो २०१५ ची. १.४ टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क. या यादीतली सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात जबाबदारीची गाडी हीच. फियाटने इथला धंदा आवरला आहे. इंजिनाचे बरेच भाग लिनिया टी-जेटशी जुळतात, पण बंपर, हेडलाइट आणि आतलं प्लास्टिक शोधायला महिनेही जातात. दुसरी गाडी घरात नसेल तर ही घेऊ नका.

बलेनो आरएस २०१७ ते २०२० या काळातली. १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० एनएम, हिलाही चारही डिस्क. वजनाला हलकी, आणि सर्व्हिस तालुक्याच्या ठिकाणीही होते. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या दोषासाठी मारुतीने २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. चॅसी नंबर देऊन ते काम झालंय का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. झालं नसेल तर सौद्याआधी विकणाऱ्याकडून करून घ्या.

टियागो जेटीपी २०१८ ची, ११४ पीएसची. संख्येने कमी आहेत, पण इंजिन साधं आणि पाच गिअरचं मॅन्युअल. जेटीपीचेच खास भाग, म्हणजे बंपर, साइड स्कर्ट, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, जागच्या जागी आहेत का ते आधी बघा. साध्या टियागोचे भाग लावून चालवलेल्या गाड्या बाजारात आहेत.

थोडं बजेट वाढवता आलं तर ह्युंदाई आय२० एन लाइन, १२० पीएसची. इथेही डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, कोरड्या क्लचचाच, तेव्हा पहिला मुद्दा पुन्हा वाचा.

३. सगळे पैसे गाडीत घालू नका

हातात साडेसात लाख असतील, तर गाडी सहापर्यंत बघा. उरलेले पैसे पहिल्या वर्षातच लागणार आहेत: चार टायर, टायमिंग बेल्टचा सेट, ब्रेक पॅड आणि डिस्क, सगळी ऑइलं, बॅटरी, इन्शुरन्स आणि ट्रान्सफरचा खर्च. १६ इंची, १९५/५५ मापाचा बऱ्या कंपनीचा टायर सात-नऊ हजारांच्या घरात जातो. डीएसजीचा मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, गेला तर अधिकृत ठिकाणचं बिल लाखाच्या वर जातं. जीटी टीएसआयचं पासिंग जुनं असेल, तर ही रक्कम वेगळी ठेवूनच बोलणी करा.

४. गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून करायची कामं

गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर मागा. देत नसेल तर तिथेच थांबा.

परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का ते दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. पळणाऱ्या गाडीवर वेगाची चलानं साचलेली असतात, आणि एक्सप्रेसवेची तर हमखास. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबरवरून सर्व्हिसची यादी मागा. प्रत्येक वेळचं किलोमीटर त्यात असतं, आणि मीटर मागे फिरवलेला असेल तर इथेच उघडा पडतो. शेवटची अधिकृत सर्व्हिस ५८,००० वर आणि आज मीटरवर ४१,००० असेल, तर पुढे बोलायचं काहीच उरत नाही.

दोन सापळे खास आपल्याकडचे. पहिला दिल्ली पासिंगचा. दिल्ली परिसरात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना मूळ आरटीओची एनओसी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. तिकडचा टॅक्स परत मिळवायचा तर वेगळे हेलपाटे. हा खर्च किमतीत धरलात की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. दुसरा सापळा पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली होतं. त्या वेळी तिथे असलेली गाडी पुढच्या मुद्द्यातली तपासणी केल्याशिवाय घेऊ नका.

५. गाडी थंडच बघा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. टर्बो इंजिनाची बहुतेक दुखणी पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतात, आणि गरम इंजिन ती लपवतं.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असलं तरी चालेल, पण डांबरासारखं घट्ट नको. फिलर कॅप उघडून आत टॉर्च मारा. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा चिकट गाळ म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि त्याची शिक्षा सर्वांत आधी टर्बोला होते. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो थर नीट नसेल, तर बेअरिंग झिजायला वेळ लागत नाही. झाकणाला दुधी साय असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र येत असण्याची शंका घ्या.

कूलंटच्या बाटलीत बघा. फोक्सवॅगनचं कूलंट गुलाबी किंवा जांभळट असतं. आत हिरवं किंवा तपकिरी दिसलं, तर कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातलं मिसळलंय आणि त्याचा गाळ होतो. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या हाउसिंगच्या खाली गुलाबी सुकलेला थर दिसतो का ते टॉर्चने शोधा. टीएसआयमध्ये तिथून गळतं.

आता सुरू करा, पण ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. दुसऱ्या माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. पहिल्या काही सेकंदांतला पांढरा वाफारा थंडीत साहजिक. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग एकदा ३,००० आरपीएमपर्यंत न्या. त्याच क्षणी निळा लोट आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील संशयात घ्या. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ती गाडी तिथेच सोडा.

इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) पाइपात ऑइलचा हलका ओलावा चालतो. थेंब साचलेले चालत नाहीत.

बॉडीसाठी बॉनेटचे आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पाना लागून त्यांचा रंग उडाला असेल, तर ते पॅनल कधीतरी उघडलेलं आहे. प्रत्येक काचेवर बनावटीच्या वर्षाचा अंक असतो. सहा काचांपैकी एक नवी असेल तर कारण विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. ३००–४०० आलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुराची खूण शोधायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. गुंडाळलेला तो शेवटचा वीतभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली तर पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं. मग सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा गंजासाठी बघा.

टायरवरचे चार अंक वाचा: १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर पैसे वाचवत चालवलेली गाडी समजा. पुढचे टायर आतल्या बाजूने जास्त झिजले असतील, तर अलाइनमेंट, लोअर आर्मचे बुश किंवा खड्ड्यात वाकलेला भाग, यांपैकी काहीतरी नक्की आहे.

६. टेस्ट ड्राइव्ह: किमान २० किलोमीटर

सोसायटीभोवती फेरी मारून काही कळत नाही. ट्रॅफिक, खराब रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता, चारही हवेत. म्युझिक बंद, एसी आधी बंद, नंतर चालू.

मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला ताशी ४० वरून चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. जोर एकसारखा वाढला पाहिजे. मध्येच धक्का, फडफड किंवा इंजिन लाइट लुकलुकली, तर इग्निशन कॉइल किंवा प्लग. हा खर्च परवडणारा आहे, भाव पाडायला कामी येतो.

डीक्यू२०० साठी वेगळी कसरत करा. गाडी चांगली गरम होऊ द्या, कारण थंड असताना तो गुणी वागतो. सपाट जागेवर डीमध्ये टाकून फक्त ब्रेक सोडा. गाडी सरकायला लागताना थरथरली, तर क्लच झिजलाय. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या बदलांकडे लक्ष द्या. चढावर रिव्हर्स घ्या. डॅशवरची गिअरची अक्षरं लुकलुकली, किंवा गाडी एखादा गिअर गाळून पळाली, तर मेकाट्रॉनिक आजारी आहे. विकणारा सांगेल, "सगळ्या डीएसजी अशाच असतात." नसतात.

मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून ८० वरून जोरात ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर. गतिरोधकावरून एक चाक हळू उतरवा. टकटक म्हणजे सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा स्ट्रट माउंट.

७. स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका

ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं) स्वस्त ब्लूटूथ यंत्र आणि फोनवरचं ॲप एवढ्यात काम भागतं. फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस (त्या गाड्यांचं खास तपासणी सॉफ्टवेअर) असलेला मेकॅनिक मिळाला, तर गिअरबॉक्सच्या क्लचची झीजही कळते.

एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. कोड पुसून टाकायला दहा सेकंद लागतात. म्हणून आणखी दोन आकडे बघा: "कोड पुसल्यापासूनचं अंतर" आणि "रेडीनेस मॉनिटर" (गाडीने स्वतःच्या यंत्रणा तपासून झाल्या का ते दाखवणारी नोंद). अंतर १२ किलोमीटर आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील, तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी लाइट घालवली आहे. त्यावर विकणारा काय म्हणतो ते ऐका, आणि आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणा.

रीमॅप, म्हणजे जोर वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये (ईसीयू) केलेला बदल, झालाय का हे साध्या यंत्राने कळत नाही. कंपनीच्या स्कॅनरवर ईसीयूची नोंद दिसते. बदललेला एअर फिल्टर बॉक्स, जाड डाउनपाइप, पोकळ आवाजाचा सायलेन्सर यांवरूनही अंदाज येतो. "परत स्टॉक (मूळ स्थितीत) केलंय" या वाक्याला किंमत शून्य. क्लच आणि टर्बोने भोगलेलं परत स्टॉक होत नाही.

८. सौदा, कागद आणि ट्रान्सफर

टोकन थोडंच द्या, बँकेतूनच द्या, आणि कशासाठी दिलं ते लिहून घ्या. पुढचे कागद एका फाइलमध्ये हवेत:

- मूळ आरसी
- फॉर्म २९, दोन प्रती, आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- दोघांची ओळखपत्रं, आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा
- चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी
- दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं
- डिलिव्हरी नोट: तारीख आणि वेळ, मिनिटासह

वेळ लिहायचं कारण साधं आहे. ताबा घेतला त्याच दिवशीचं चलान किंवा अपघात कुणाच्या माथी, हे त्यावर ठरतं.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर करू" म्हणणारा एजंट टाळा. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी वाहन प्रणालीत नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर विकणाऱ्याचा जुना, बंद पडलेला असेल तर काम अडतं, म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी नंबर चालू असल्याची खात्री करा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसलेली आहे ना, तेही बघा.

इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याच्या ५० टक्के बोनसवर स्वतःचा हिशोब करू नका.

९. पहिल्या १५ दिवसांत

आधीच्या मालकाने "परवाच सर्व्हिस केली" म्हटलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि कूलंट बदला. ऑइल पुस्तिकेतल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या. १.२ टीएसआयसाठी डब्यावर ५डब्ल्यू-४० सोबत व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही मान्यता छापलेली हवी. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर डॉट ४ भरा. ते हवेतली ओल शोषतं आणि घाट उतरताना तापलं की उकळतं. पेडल स्पंजासारखं खाली जातं, तेही नेमकं वळणाआधी.

टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण मजुरी एकदाच लागते.

१०. चालवताना, आणि जोर वाढवायची हौस आली तर

ऑइलचं अंतर १०,००० किलोमीटर लिहिलेलं असलं तरी शहरातल्या वापरात ७,५०० वर बदला. टीएसआय आणि बूस्टरजेटसारख्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे तिथे काजळी साचते. लाखाच्या आसपास आयडल अडखळायला लागलं तर व्हॉल्व्ह साफ करून घ्यावे लागतात. वरच्या गिअरमध्ये १,३००–१,४०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका, गिअर खाली घ्या. कमी फेऱ्यांवर जास्त बोजा पडला की या इंजिनांत वेळेआधी स्फोट होतो, आणि त्याचा मार पिस्टनवर बसतो.

यांतल्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या. महिनाभर उभी ठेवणार असाल, तर अर्धी टाकी घेऊन सोडू नका, आणि दर सर्व्हिसला इंधनाच्या रबरी नळ्या बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये घाट चढायचा असेल तेव्हा ९५ ऑक्टेनचं पेट्रोल खरंच उपयोगी पडतं.

रीमॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष नको. गाडी मूळ ताकदीत पुरती ओळखीची होऊ द्या. डीक्यू२०० ची क्षमता २५० एनएमची, गाडी येते १७५ वर. रीमॅपने ही फट भरली की क्लच लवकर उतरतो. फेरफार इन्शुरन्स कंपनीला कळवले नाहीत तर क्लेम अडतो, आणि सायलेन्सरच्या आवाजावर पोलिस थांबवतात ते वेगळंच. तेच पैसे आधी चांगल्या टायरांत आणि ब्रेक पॅडमध्ये घाला. वळणावरचा फरक पहिल्याच घाटात हाताला कळतो.

वेगाची हौस सार्वजनिक रस्त्यावर भागवू नका. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूरची कारी, हे ट्रॅक त्यासाठीच आहेत. जायच्या आदल्या आठवड्यात ब्रेक फ्लुइड नवं करा, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा, स्टेपनी आणि डिकीतलं सामान उतरवा. प्रत्येक फेरीनंतर एक लॅप हळू घ्या म्हणजे टर्बो आणि डिस्क निवतील, आणि पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा.